बेचाळीस मारवाडला गेली तेव्हा

आमच्या घरात भिंतीवर चांगलं चावीचं घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघून मी भाकरी कधी टाकली नाही. भाकरी टाकायची ती उणकलच्या बाजूनं शिटी आली की. तळ्याच्या पलीकडून ती यायची. आधी लांब आणि जाड, मग मध्येच जराशी खाली बसायची आणि शेवटी झटक्यात वर उचलायची. ती कानावर पडली की मी हातातलं काम टाकून तवा चुलीवर ठेवत असे, मग समोर पाहुणे बसलेले असोत नाहीतर कोणी असो. पाहुणे एकमेकांकडे बघायचे. बघेनात का.

माझे यजमान हुबळीच्या शेडमध्ये मालगाडीचे ड्रायव्हर होते. लोंढ्याकडून येणारी गाडी धारवाडचा चढ मागे टाकून उतरायला लागली की उणकल लागतं, आणि उणकलनंतर हुबळीचा आउटर, म्हणजे स्टेशनाबाहेरचा, सिग्नल. पॅसेंजर गाडीला सिग्नल मोकळा मिळायचा. मालगाडीला मात्र तिथं उभं राहणं जन्माचं नशिबी लिहिलेलं. यार्डात जागा होईपर्यंत ती बिचारी सुस्कारे टाकत उभी. आमची क्वार्टर केशवापूरच्या बाजूला, रुळांना लागून, अगदी शेवटच्या रांगेत होती आणि मागच्या दारातून तो सिग्नल दिसायचा. सकाळची शाळा शिकवून मी दुपारी घरी असे. शिटी झाली की तवा, गाडी थांबेपर्यंत चार भाकऱ्या, आणि फडक्यात बांधलेलं जेवण कुंपणाच्या तारेवरून पलीकडे. दोन भाकऱ्या यांच्या, दोन फायरमनच्या. फायरमन कुंदगोळकडचा, तरणाबांड, मला अक्का आणि यांना अण्णा म्हणायचा. तारेपाशी धावत यायचा तो काळाठिक्कर होऊन, आणि पहिला प्रश्न एकच, "अक्का, इवत्त एन पल्ल्या?" आज भाजी काय! वांगं म्हटलं की त्याचे दात तेवढे पांढरे दिसायचे.

ही शिटी यांची स्वतःची होती. तशी प्रत्येक ड्रायव्हरची असायची. वाफेच्या इंजिनाची शिटी हातानं ओढून वाजवायची, त्यामुळे ज्याचा त्याचा हात तिच्यात उतरायचा. आमच्या क्वार्टरमधल्या बायका डोळे मिटून सांगायच्या, हा अमक्या अक्कांचा नवरा आला, हा तमक्या वहिनींचा. आणि त्यात एक रीत होती. आपली शिटी वाजवायची ती आपल्याच इंजिनावर. आमच्या शेडमध्ये इंजिनांना ठरलेले ड्रायव्हर असायचे, आणि कधी दुसऱ्याचं इंजिन हाती आलं तर नुसती नियमाची, सरळ शिटी द्यायची. ही रीत कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. मी एकदा यांना कारण विचारलं. म्हणाले, "अगं, ते इंजिन दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोचं घड्याळ असतंय. आपण का उगीच तिला उठवायचं?"

यांच्या इंजिनाच्या नंबरातले शेवटचे आकडे बेचाळीस. शेडमध्ये त्याला 'नलवत्तेरडु' म्हणायचे, आमच्या घरात 'बेचाळीस'. लग्न होऊन मी बेळगावाहून आले त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी तिला पहिल्यांदा जवळून पाहिलं. खंडेनवमी हा वर्षातला एकच दिवस, जेव्हा शेड घरच्या माणसांना उघडी असे. इंजिनांना केळीचे खुंट बांधलेले, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, आणि प्रत्येकासमोर कोहळा फोडायची गडबड. आम्ही बौद्ध. आमचा सण दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पांढरी साडी नेसून विहारात. त्यामुळे यांनी कोहळा फोडला नाही, लिंबू ठेवलं नाही. पण आधीचे तीन दिवस घासून घासून बेचाळीस अशी लखलखीत केली होती की बाकीचे ड्रायव्हर पूजा आटपून तिच्याकडेच बघायला येत होते. "पूजा न करता हे असं, केली असती तर काय झालं असतं," असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले, हेही हसले.

मी मात्र हसले नाही, कारण माझी बोबडी वळली होती. लांबून इंजिन रोज दिसायचं. जवळ गेल्यावर चाक माझ्या छातीपर्यंत आलं. यांनी मला हात धरून वर घेतलं आणि म्हणाले, "बघ हं, घाबरू नको," आणि भट्टीचं दार उघडलं. मी चुलीपुढे वाढलेली बाई, आग मला नवी नव्हती. पण ती आग लाल नव्हती, पिवळी नव्हती. ती पांढरी होती, आणि तिला आवाज होता. माझ्या तोंडावरची लव जळाल्यासारखी झाली. मग यांनी एक दांडा हलकेच, पोळीचा उंडा उचलावा इतक्या हलक्या हातानं ओढला, आणि ते सगळं लोखंड हललं. माझ्या पायाखाली हललं. ज्या माणसाला घरात डब्याचं झाकण उघडत नाही त्याच्या हाताला ते ऐकत होतं. त्या दिवसापासून मी यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले. यांना हे सांगितलं नाही, डोक्यावर बसले असते.

पुढची वर्षं अशीच गेली. मुलींची लग्नं झाली, त्या सासरी गेल्या. बेचाळीसचा रंग बदलला, यांचे केस बदलले, शिटी तीच राहिली.

सत्तरच्या दशकाची अखेर आली तशी इंजिनांची टंचाई हा आमच्या रांगेत रोजचा विषय झाला. कापसाच्या गाठी, शेंगा, खनिज, खत, सगळं वॅगनीत भरून यार्डात तुंबलेलं आणि ओढायला इंजिन नाही. काही इंजिनं म्हातारी, काही दुरुस्तीच्या रांगेत, आणि कोळसा यायचा तो दगडासारखा. मग एक लाइन दुसरीकडे इंजिन मागायची. आम्ही बायका शेजारणीकडे वाटीभर साखर मागतो, तसंच. एकीकडे उसाचा हंगाम असेल तेव्हा दुसरीकडे जरा सैल असायचं, तेवढ्यात तिकडची दोन इंजिनं इकडे, पुढच्या वर्षी इकडची तिकडे. मला हे ऐकून फार नवल वाटायचं. मला वाटत होतं रेल्वे म्हणजे कागद, शिक्के आणि साहेब. ही तर आमच्यासारखीच उसनवारी करत होती, फक्त वाटी जरा मोठी.

त्या उन्हाळ्यात मागणी आली मारवाडाकडून. तिकडे पाऊस झाला नव्हता. चारा आणि पिण्याचं पाणीसुद्धा रेल्वेनं न्यावं लागत होतं, आणि त्या गाड्या ओढायला इंजिनं कमी पडत होती. आमच्या शेडमधून जी द्यायची ठरली त्यात बेचाळीस होती. चांगली राखलेली होती म्हणून तिचाच नंबर लागला. राखणाऱ्याला हे बक्षीस!

यांच्या निवृत्तीला तेव्हा वर्षाहून थोडं जास्त उरलं होतं. यांनी मला केव्हाचा शब्द दिला होता की शेवटच्या फेरीला बेचाळीसवरून अशी शिटी देतो की तुझा लोखंडी तवाही थरथरेल. त्या संध्याकाळी यांनी जेवणात लक्ष नसल्यासारखं केलं आणि मग एकदम म्हणाले, "परत येईल की. वर्ष हाय अजून." मी म्हटलं, येईल. दोघांनीही भात पुढे ढकलला.

ती गेली तीही थंड. एवढ्या लांब स्वतःच्या वाफेवर पाठवत नाहीत. चाकांना जोडणारे दांडे सोडून ठेवले आणि तिला दुसऱ्या एका गाडीच्या मागे बांधलं. गदगच्या बाजूनं जायची होती ती, म्हणून मी स्टेशनाजवळच्या पुलावर जाऊन उभी राहिले. बेचाळीस माझ्या खालून गेली. धूर नाही, वाफ नाही, आवाज नाही. इतक्या वर्षांत मी तिला गप्प कधी पाहिलं नव्हतं. हे पुलावर आले नाहीत. घरी बसून जोडे पुसत होते.

त्यानंतर माझं सगळं वेळापत्रक बिघडलं. यांना रोज मिळेल ते इंजिन, आणि मिळेल त्या इंजिनावर नियमाची शिटी. तशा शिट्या उणकलकडून दिवसभर येतच असायच्या. एकदा तर जाड आवाजाची एक शिटी आली, मला वाटलं हेच, म्हणून मी घाईघाईनं भाकऱ्या करून तारेपाशी गेले. इंजिनावर भलताच ड्रायव्हर. तो गोंधळला, मी गोंधळले. हात मागे घेणं बरं दिसेना म्हणून गाठोडं त्यालाच देऊन टाकलं. हे आले ते दिवे लागल्यावर. सकाळच्या उरलेल्या भाकऱ्या वाळून खडखडीत झाल्या होत्या. मी रडवेली झाले. यांनी एक तुकडा मोडला, चटणीला लावला आणि म्हणाले, "झकास. कडक भाकरी तर झालीय. म्हैना टिकंल."

पावसाळ्यानंतर निरोप आला की बेचाळीस तिकडे बॉयलरच्या मोठ्या कामासाठी उभी आहे, लवकर सुटायची नाही. पण तुम्हाला अडचण नको म्हणून बदली एक इंजिन पाठवतो आहोत. दसरा तोंडावर आलेला असताना एके दुपारी फायरमन तारेपाशी धावत आला, भाजी विचारायलाही विसरला. "अक्का, नविलु बंदद! नोडरी बंद!" मोर आलाय, बघायला या.

खरंच मोर होता. मारवाडी इंजिनाच्या टेंडरवर, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या टाकीवर, कोणीतरी निळ्या-हिरव्या रंगात हातभर पिसारा काढला होता. पितळेच्या पट्ट्या, चाकांच्या काठाला पांढरी रेघ, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत वाळू. पिठासारखी बारीक, पिवळट. यांनी रुमालात थोडी बांधून आणली आणि मी ती वर्गात नेली. हुबळीची काळी माती बघत वाढलेली माझी पोरं ती चिमटीत घेऊन बोटांतून सोडत राहिली. वाळवंट म्हणजे काय हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवत होते. त्या वर्षी ते आमच्या शाळेत आलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी पोरांना घेऊन उणकलच्या तळ्यावर वनभोजनाला गेले. जेवणं चालली असताना हुबळीकडून धूर दिसला. मोरवाल्या इंजिनाची धारवाडकडची पहिली मोठी गाडी होती ती, आणि इंजिनावर हे. मागे वॅगनींचं शेपूट संपता संपत नव्हतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता, रूळ ओले होते. चढाला लागल्यावर इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगर फिरली, धुराचे लोट भसाभसा वर आले आणि गाडी जवळजवळ थांबली. पोरं घास हातात घेऊन उभी राहिली. मग तो आवाज आवरला. एक हुंकार. थांबून दुसरा. मग तिसरा. चाकांनी रूळ धरला, आणि ते एवढं लांब ओझं आमच्या डोळ्यांसमोरून इंच इंच वर निघालं. जमीन थरथरत होती, पत्रावळीतला भात थरथरत होता. एक पोरगी म्हणाली, "बाई, रडताय?" मी म्हटलं, धूर गेला डोळ्यांत. धूर तर पलीकडे चालला होता.

रात्री यांनी सांगितलं, चाकं घसरली की रुळावर वाळू सोडायची सोय इंजिनातच असते. वाळूची पेटी येताना भरून आली होती. "मारवाडची वाळू होती ती," हे म्हणाले. "तिच्यावर पाय रोवून चढली बघ." कुठलं मारवाड, कुठलं उणकल! तिकडच्या कोणा माणसानं फावड्यानं भरलेली वाळू आमच्या तळ्याकाठच्या रुळावर पडली आणि माझ्या माणसाची गाडी वर गेली. त्या माणसाला हे कधीच कळणार नव्हतं. मला त्याचे हात दिसल्यासारखे झाले.

परक्याचं इंजिन आलं की कुठेही लोकांना सुचतं तेच शेडमधल्या एका फिटरला सुचलं. मोरवाल्या इंजिनावर बॉयलरमध्ये पाणी घालायचं यंत्र नवंकोरं होतं. ते काढून आपल्या एका इंजिनाला लावावं, आपलं जुनं हिला बसवावं, परत जाताना कोण बघतंय? हे तसे गरीब स्वभावाचे, पण त्या दिवशी इंजिनावर चढून बसले. "आपली बेचाळीस त्यांच्याकडे हाय," एवढंच म्हणत राहिले. "आज हिचं काढशील, तिकडे कोण तिचं काढंल. हात लाव बघू." फिटरनं हात लावला नाही, उलट नंतर तोच हिची देखभाल करायला लागला. फायरमननं हे सगळं मला तिखटमीठ लावून सांगितलं. मी यांना म्हटलं, एवढं माझ्यासाठी कधी भांडला नाहीत. म्हणाले, "तुला कोण हात लावतंय? सगळी शेड भिते."

त्या खंडेनवमीला यांनी मोर घासला. नोकरीतली शेवटची खंडेनवमी, आणि समोर परक्याचं इंजिन, पण तीन दिवस तेवढेच घालवले. पिसाऱ्याचा एक डोळा खरवडला होता तो जागच्या जागी रंगवून दिला. त्या गर्दीत मी मोराजवळ उभी होते तेव्हा माझ्या मनात आलं की अगदी असंच तिकडे कोणीतरी बेचाळीसला पुसत असेल का, की तिला कोपऱ्यात टाकून दिलं असेल? हे विचारायची हिंमत झाली नाही. हेही तेच विचारत होते, मला ठाऊक होतं. रोज घरी येताना कंट्रोलच्या खोलीत डोकावून यायचे. बेचाळीसचं काही? काही नाही.

असं करत करत महिने गेले. निवृत्तीच्या महिन्यात तर हे चौकशी करायचेही थांबले. शेवटची फेरी मोरवाल्या इंजिनावरच झाली. शेडमधल्या माणसांनी हार घातले, फायरमननं यांच्या पायावर डोकं ठेवलं. तो तेव्हा ड्रायव्हरची परीक्षा पास झाला होता, आता त्याला स्वतःच्या गाड्या मिळणार होत्या. सगळ्यांनी आग्रह केला, आज तरी आपली शिटी मारा, कोण काय म्हणतंय! मी मागच्या दारात उभी होते. उणकलकडून शिटी आली ती सरळ, नियमाची. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी, कुठे बसणं नाही की उचलणं नाही. यांनी मोराला शेवटपर्यंत पाहुण्यासारखंच वागवलं. मी तवा ठेवला, भाकऱ्या केल्या, तारेपाशी गेले. यांनी वरून माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. शब्द राहून गेला होता. मला त्या क्षणी सगळ्या रेल्वेचा, मारवाडाचा, त्यांच्या दुष्काळाचासुद्धा राग आला. दुष्काळाचा राग आला म्हणून लगेच लाजही वाटली.

क्वार्टर सोडायला आम्हाला थोडी मुदत मिळाली होती. विद्यानगरला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, सामान बांधायचं होतं. त्याच दिवसांत ठरलं की मोरवालं इंजिन परत जाणार. आदल्या दिवशी मी ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापून, भाजून, उन्हात वाळवून कडक केल्या. शेंगांची चटणी कुटली. सगळं नव्या फडक्यात बांधून यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ड्रायव्हरच्या पेटीत ठेवून या.

"इंजिन भाकरी खातंय व्हय?"

"उसनी आणलेली वाटी आपण रिकामी परत करतो का कधी?"

यांनी गाठोडं काखेत मारलं. टोपी घातली आणि गेले.

मग शिल्लक राहिले ते नुसते दिवस. हे खुर्चीत बसायचे. पेपर पुढून वाचून झाला की मागून वाचायचे. उणकलकडून शिटी आली की मान न वळवता सांगायचे, हा अमका, जरा घाईत आहे. मी सामान बांधत होते, आणि ते घर सोडायच्या आधी यांच्या तोंडावर एकदा हसू यावं एवढंच मला हवं होतं.

त्या दुपारी मी पितळेची भांडी पोत्यात भरत होते. उणकलकडून शिटी आली. सरळ, नियमाची होती ती. मध्ये कुठे खाली बसली नाही, शेवटी उचलली नाही. पण आवाज! तो जाड, खालून येणारा आवाज मी झोपेतही ओळखला असता. मला काही कळायच्या आत मी उठले होते, चुलीत काटक्या सारल्या होत्या आणि तवा वर ठेवला होता. तवा ठेवल्यावर मी वळून बघितलं. ज्यांच्यासाठी ठेवला ते माणूस समोर खुर्चीत बसलेलं होतं.

यांच्या हातातला पेपर खाली आला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग हे उठले, चपला न घालता मागच्या दारानं बाहेर पडले आणि साठीला आलेला माणूस कुंपणाची तार उचलून पलीकडे गेला.

पुढचं मला नंतर कळलं. बेचाळीस आदल्या आठवड्यात आली होती, आणि आमच्या फायरमनला, आता ड्रायव्हरला, ती मिळाली होती. कोणीही यांना कळवायचं नाही असं त्यानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. ती आउटरला येऊन थांबली तेव्हा यांना ओळखू येईना. टेंडरवर मोर होता. तोच हात, तोच पिसारा, फक्त रंग ताजा. पितळ लखलखत होतं. एकही वस्तू काढलेली नव्हती. आणि ड्रायव्हरच्या पेटीत लाल चुनडीच्या कापडात बांधलेली एक पुरचुंडी होती, आल्यापासून कोणी उघडली नव्हती, अण्णांनीच उघडायची म्हणून. आत काळपट, वाळलेल्या, काड्यांसारख्या शेंगा. आम्हाला वाटलं औषध आहे. पुढे विद्यानगरमध्ये शेजारी एक मारवाडी कुटुंब भेटलं तेव्हा समजलं की ती तिकडची भाजी, सांगरी म्हणतात, वाळवंटातल्या झाडाची, वर्षभर टिकते.

मी हिशेब करून पाहिला. बेचाळीस तिकडून निघाली तेव्हा आमच्या भाकऱ्या अजून वाटेतच होत्या. म्हणजे ती पुरचुंडी आमच्या भाकऱ्यांची परतफेड नव्हती. तिकडच्या कुठल्या तरी ड्रायव्हरच्या बायकोनं आपणहून तिच्या माणसाला म्हटलं असणार, वाटी रिकामी कशी पाठवायची? माझं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, माझी भाषा तिला येत नव्हती. कदाचित बेचाळीसच्या आवाजावर तिनंही इतके दिवस तवा ठेवला असेल. आज इतक्या वर्षांनी, रूळ बदलले, इंजिनं बदलली, तरी हे आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मी चुलीपाशी उभी होते. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, वॅगनींचे धक्के एकामागून एक लांब जात विरले. मग फायरमनचा, नव्या ड्रायव्हरचा, आवाज ऐकू आला. "हत्तरी अण्णा, हत्तरी! निम्मदऽ अद री!" चढा अण्णा, चढा, तुमचंच आहे. बराच वेळ काहीच झालं नाही. निवृत्त माणसानं इंजिनावर चढायचं नसतं हे यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि माझ्या लक्षात आलं, मी पीठ काढलंच नव्हतं. भांडी पोत्यात, परात पोत्याच्या तळाशी. मी पोतं उपडं केलं, परात ओढली, डब्यातलं पीठ घेतलं, पाणी घातलं, हात चालायला लागला.

तेव्हा शिटी आली. कुंपणाच्या पलीकडून, इतक्या जवळून की मांडणीवरचे उरलेले पेले किणकिणले. आधी लांब आणि जाड. मग मध्ये जराशी खाली बसली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बसली. आणि मग उचलली.

तवा खरंच थरथरत होता. मी भाकरी टाकली.